लॅपटॉप जुना झाला, निकामी नव्हे

भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "मामू, लॅपटॉप सुरू होतो, पण स्क्रीन काळीच राहते." २०१२ साली घेतलेला, आधी माझा, आता तिचा. दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला होता. परीक्षा तोंडावर आणि घरात दुसरा लॅपटॉप नाही.

बिघाड मदरबोर्डमध्ये नव्हता. त्या काळच्या अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असत. एक प्रोसेसरमधलीच, कमी वीज खाणारी. दुसरी स्वतंत्र, जड कामासाठी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीन पहिलीलाच जोडलेली असते, दुसरी आपले चित्र तिच्याकडे सोपवते. म्हणून दोघींचे ड्रायव्हर एकमेकांशी जुळणारे लागतात. ते जुळवून देतो लॅपटॉप बनवणारा. आपोआप झालेल्या अपडेटने एकच ड्रायव्हर बदलला आणि जोडी तुटली.

सेफ मोडमध्ये जाऊन दोन्ही ड्रायव्हर काढले. आधी प्रोसेसरमधल्या चिपचा, मग स्वतंत्र चिपचा, असे जुने ड्रायव्हर टाकले आणि अपडेटमधून ड्रायव्हर येणे बंद केले. स्क्रीन उजळली. खर्च शून्य, गेली ती एक रात्र. पण कंपनीने ते ड्रायव्हर साइटवरून कधीच काढून टाकले होते. माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर सापडले म्हणून निभावले. ज्यांच्याकडे असा पेनड्राइव्ह नाही, त्यांनी काय करायचे?

२०१२ मध्येच फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्या महिलेने अशाच दुहेरी ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर लिनक्सची होणारी अडचण मांडली होती. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडिया कंपनीला जाहीरपणे, असभ्य शब्दांत सुनावले. भाषा सोडून द्या, मुद्दा खरा होता. चिपची माहिती खुली असेल तर कंपनीने वाऱ्यावर सोडलेले यंत्र लोक सांभाळू शकतात.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. त्या हक्कात सुट्या भागांइतकेच ड्रायव्हरलाही स्थान हवे. विक्री थांबली तरी कंपनीने ते साइटवर ठेवावेत. काहीशे एमबी जागा वाचवण्यासाठी कुणाचा चालता लॅपटॉप भंगारात जाऊ नये.

तोवर आपण एवढे करू. लॅपटॉप नीट चालू आहे तेव्हाच त्याचे ड्रायव्हर उतरवून जपून ठेवू. आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या मुलाला दाखवल्याशिवाय "मदरबोर्ड गेला" हा निकाल मान्य करणार नाही.