भरतीची वेळ

पक्षी दाखवायला नेणारा माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर तो आदल्या संध्याकाळी फोनवर काय बोलतो ते ऐकावं. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं, तेव्हा आमच्या वाटाड्यानं कोणते पक्षी दिसतील याबद्दल एक शब्दही काढला नाही. भरती किती वाजता पूर्ण होणार ते सांगितलं आणि त्याच्या तासभर आधी पोचायला बजावलं. मला तेवढ्यावरच त्याचा भरवसा वाटला.

समुद्रकाठच्या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटी लागली की शापोरा नदीच्या मुखाशी वाळू आणि चिखल उघडा पडतो आणि चिखले, तुतवार त्यावर दूरदूर पांगतात. दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांएवढेच दिसतात. भरती चढू लागली की त्यांची जमीन आक्रसते. मग वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर सगळे दाटीवाटीनं येऊन उभे राहतात, शेजारी कुरव आणि सुरय. पाहायची वेळ हीच.

पण त्यांच्या विश्रांतीची वेळही हीच. मध्य आशियातून आणि त्याहूनही उत्तरेकडून आलेले हे मूठभर वजनाचे जीव इथे चार-सहा महिने काढतात आणि परतीच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी साठवतात. किनाऱ्यावरचं कुत्रं धावत आलं किंवा जवळचा फोटो हवा म्हणून कुणी पुढे सरसावलं की अख्खा थवा उठतो. त्या एका उड्डाणात साठवणीतलं काही खर्ची पडतं, आणि गजबजलेल्या किनाऱ्यावर असं दिवसातून अनेकदा घडतं. आमच्यातला एकजण कॅमेरा घेऊन उठला तेव्हा वाटाडा हळू आवाजात म्हणाला, ‘फुडें वचूं नाका.’ आम्ही वाळूत बसून राहिलो. थोड्या वेळानं काही चिखले आपणहून आमच्या बाजूला सरकले. चार पावलं धावायचं, थांबायचं, टोचायचं, ही त्यांची लकब मग दुर्बिणीशिवायही दिसली. चिखल्या डोळ्यांनी भक्ष्य हेरतो, म्हणून त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड. लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू चिखलात खोलवर चाचपून खेकडे काढतो. एकाच चिखलावर इतके जण कसे जगतात, ते अशा चोचींवरून समजतं.

गोव्याचं क्षेत्रफळ जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटर. समुद्र, खाजनं, तळी आणि सह्याद्रीचं दाट रान एवढ्याशा जागेत नांदतं. म्हणूनच ‘एका दिवसात शंभर पक्षी’ अशी सहल इथे सहज विकता येते. मला ती मुळीच पटत नाही. किनाऱ्याची, तळ्याची आणि रानाची वेळ वेगवेगळी असते. तिन्ही एका दिवसात कोंबली की निदान दोन ठिकाणी आपण अवेळी पोचतो. मग हुकलेली वेळ भरून काढायला पक्ष्याला छेडावं लागतं.

करमळीच्या तळ्यावर प्रश्न उजेडाचा. सूर्य पाठीशी नसेल तर समोरची सगळी बदकं काळीच दिसतात, म्हणून वाटाडे वेळेनुसार काठ बदलतात. कोकण रेल्वे तळ्याच्या कडेनं धडधडत जाते, पण अडई मान वर करत नाहीत. थापटे आणि तलवार बदकं हिवाळी पाहुणी, तर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या बारमाही रहिवासी. रायबंदरहून फेरीनं चोडण बेटावर उतरलं की सालीम अलींच्या नावाचं अभयारण्य लागतं. १९८८ साली घोषित झालेलं हे खारफुटीचं रान दोन चौरस किलोमीटरही नाही. आत होडीनं शिरायचं, तर पुन्हा भरतीच पाहावी लागते.

रानात मात्र वाट पाहण्यापलीकडे आपल्या हाती काही नसतं. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराभोवतीचं जंगल पहाटे आवाजांनी भरलेलं असतं, पण दिसत काहीच नाही. अर्धा तास जातो. नवखी माणसं कुजबुजू लागतात, मोबाइल काढतात. तेवढ्यात भृंगराजाची शीळ येते आणि समोरची झाडं एकदम जिवंत होतात. निखार, शिलींध्री, सुतार, बुलबुल, वटवटे अशी कितीतरी जातींची मिश्र टोळी पानापानांतून किडे टिपत पुढे सरकते. अधिक डोळे असले की ससाण्याची चाहूल लवकर लागते. एकानं उठवलेला किडा दुसऱ्याला मिळतो. भृंगराज राखणदारी करतो आणि अधूनमधून इतरांचे आवाजही काढतो. पाच-दहा मिनिटांत टोळी पुढे निघून जाते. तिच्यामागे धावायचं नाही, ती कुठल्या बाजूनं फिरून येईल याचा अंदाज बांधायचा. हा अंदाज त्या रानात वर्षानुवर्षं हिंडलेल्या माणसालाच असतो.

त्याच रानात श्रीलंकन बेडूकतोंड्या राहतो. नर राखाडी, मादी तांबूस. दिवसा जोडी अंगाला अंग लावून फांदीवर बसते, वाळकी पानं अडकली आहेत असंच वाटतं. मादी एकच अंडं घालते आणि दिवसभर नर ते उबवतो. त्याची बसायची फांदी स्थानिक वाटाड्याला ठाऊक असते आणि त्याच्या सचोटीची परीक्षाही तिथेच होते. रोज दहा-दहा जणांचे घोळके नेले आणि तोंडावर फ्लॅश मारले, तर जोडी ती जागा सोडते.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची प्रथा मला सर्वांत जास्त खुपते. आपल्या हद्दीत परका नर घुसला असं समजून तो खाणं टाकून, प्रसंगी घरटं सोडून, त्या आवाजाला तोंड द्यायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ नसलेल्या शत्रूशी झगडण्यात जाते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात मातीच्या दरडीत बीळ करून तिबोटी खंड्या पिलं वाढवतो. त्या बिळासमोर ओळीनं कॅमेरे लागले की चोचीत भक्ष्य धरून आलेले आईबाप आत जायला कचरतात. पिलं उपाशी राहतात. अशा सहलींना निसर्गप्रेम म्हणू नये.

सगळा दोष वाटाड्यावर टाकणं मात्र अन्याय होईल. आवाज वाजवला जातो, कारण गिऱ्हाईक मागतं. पैसे मोजलेत, पक्षी दाखवा, हा हट्ट आपला. उजनीच्या काठावर भिगवणला मासेमारीच्या होड्या आता पक्षी दाखवायलाही जातात, नांदूर मध्यमेश्वरला गावातली मुलं वाटाडे झाली आहेत. पाणथळ जागा टिकावी असं वाटण्याचं एक रोकडं कारण या घरांपाशी आहे. तो धंदा नीट चालावा की ओरबाडून चालावा, हे येणाऱ्यांच्या मागणीवर ठरतं.

सहलीत केलेल्या नोंदींचंही मोल आहे. देशातल्या हजारो हौशी निरीक्षकांनी ई-बर्डवर भरलेल्या याद्यांवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी सुमारे ६० टक्के घटलेल्या आढळल्या. म्हणून वाटाडा संध्याकाळी यादी भरायला बसला की घाई करू नका. शेजारी बसा, आकडे पडताळा.

मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात साजरा होतो. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत हंगाम चांगला असतो. यंदा सहल ठरवताना किती पक्षी दिसतील हे विचारू नका. आवाज वाजवता का, घरट्यापाशी नेता का, एवढं विचारा. ‘नाही’ म्हणणारा भेटला तर पैशांची घासाघीस न करता त्याच्याबरोबर जा, आणि एखादी सकाळ काहीच न दिसता गेली तरी त्याची पूर्ण बिदागी द्या.