वहीला पासवर्ड लागत नाही

नव्वदच्या दशकात आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘डिजिटल डायरी’ची भारी ऐट होती. वाळूजच्या कंपनीतले साहेब असोत की आखातातून सुट्टीवर आलेला कुणाचा भाऊ, खिशातून ती चपटी काळी डबी निघायची आणि फोन नंबर शोधण्याचा सोहळा सुरू व्हायचा. कॅसिओची डायरी म्हणजे मनगटी घड्याळाइतकीच मानाची भेट!

सोहळाच म्हणायचा तो. बटणं इवलीशी, पडदा उजेडाकडे तिरका धरल्याशिवाय वाचता येऊ नये असा. सगळा कारभार इंग्रजीत. मावशीचा नंबर तिच्या नावाने घातलाय की ‘मावशी’ म्हणून, हे आठवेपर्यंत आतून कुणीतरी तो तोंडपाठ सांगून मोकळी! खाजगी माहितीला पासवर्ड असे. तो विसरला की डायरी पुसून कोरी करण्यावाचून इलाज नाही. सेल बदलताना मुख्य आणि राखीव सेल एकदम निघाले तर साऱ्या नोंदी गायब. म्हणून शहाणी माणसं तेच नंबर कागदी वहीतही उतरवून ठेवत. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

१९९६ मध्ये अमेरिकेत पाम पायलट आला. त्यावर काडीने लिहिता येई, पण अक्षरं त्याने ठरवलेल्या वळणाची. इंग्रजी ‘ए’ काढायचा तर मधली आडवी रेघ गाळायची! म्हणजे यंत्राने माणसाचं अक्षर ओळखायचं सोडून माणसानेच पुन्हा मुळाक्षरं गिरवायची.

त्या दिवसांत घरच्या बाईची डायरी मात्र भिंतीवर लटकलेली होती. १९७३ पासून निघणारं ‘कालनिर्णय’. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, भिशीची तारीख, सगळं त्या चौकोनांत मराठीत. सेल नको, पासवर्ड नको. ते चालायचं, कारण ते वापरणारीला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं होतं.

मैत्रिणींनो, ही जुनी गंमत आज सांगायचं कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अनेक अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतो, अडकतो, दोन जीबी रॅमवर ‘पोषण ट्रॅकर’ नीट चालत नाही आणि अॅप इंग्रजीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. लगेच कुजबुज सुरू झाली, ‘यांना शिकायलाच नको.’ अहो, बाळाचं वजन, गरोदर बाईची नोंद, आहाराचा हिशोब अशी रजिस्टरं वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या बायका या! एखादं नाव चुकीच्या रकान्यात गेलं तर त्या घरच्या लेकराचा हक्काचा घास अडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? साहेबांची डायरी पुसली गेली तर चार नंबर जात. इथे मूलच हिशोबातून गळतं. पुढे अॅपमध्ये मराठी आली, पण ती पहिल्याच दिवशी का नव्हती? संगणकाच्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. अडचण अक्षरांची नव्हती, बाईला विचारण्याची होती.

बचत गटांतही आता वहीच्या जोडीला मोबाइल आलाय. येऊ दे, हिशोब पटकन होतो. पण प्रशिक्षणाला गेलात की तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. मराठीत लिहिता येतं का? फोन बंद पडला तर नोंदी कुठे सापडतील? चूक झाली तर दुरुस्ती कोण करणार? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत वही कपाटात टाकू नका. आणि घरातले महत्त्वाचे पाच-सहा नंबर आजच कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. रात्री-अपरात्री आजीला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि नेमकी बॅटरी संपलेली असली, तर तोच कागद कामाला येतो.