दुधाच्या पिशवीची जाडी कोण ठरवतं? कायदा, की कारखान्यातली एक फट?

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीकाठी सापगाव लागतं. अशा गावात प्लास्टिकची फिल्म दोन ठिकाणी सहज दिसते: दुकानातल्या दुधाच्या पिशवीत आणि भाजीच्या वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरमध्ये. दोन्हींच्या बाबतीत एकच शब्द कानावर पडतो, मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

नियम काय सांगतो?

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. कॅरीबॅगवर बंदी घातली गेली, पण दुधाच्या पिशवीला ५० मायक्रॉनपेक्षा जास्त जाडीच्या अटीवर सूट मिळाली. कारण साधं आहे. पातळ पिशवी गोळा करायला परवडत नाही, जाड पिशवीला भंगारात थोडी तरी किंमत मिळते.

पण ही जाडी येते कुठून?

अशी बरीचशी फिल्म फुगा पद्धतीने बनते. प्लास्टिकचे दाणे एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात वितळतात आणि डायमधून बाहेर ढकलले जातात. डाय म्हणजे पोलादी साचा, ज्याच्या तोंडाला गोल, बारीक फट असते. चकली पाडायच्या सोऱ्याची चकती आठवा, तत्त्व तेच. बाहेर आलेल्या नळीत हवा भरून तिचा उंच फुगा करतात आणि वर ओढतात. फट साधारण १ ते २ मिलिमीटरची, तरी ताणल्यामुळे फिल्म होते ५० मायक्रॉनची.

शीटसाठी डाय सपाट असते. तिथे वितळलेलं प्लास्टिक मधोमध शिरतं आणि साहजिकच कडांपेक्षा मधूनच जास्त वाहू पाहतं. म्हणून आतली वाट कपड्यांच्या हँगरच्या आकाराची कोरतात. टोकाकडे जाताना ती अशी निमुळती केलेली असते की मधे आणि कडेला प्रवाह सारखाच राहावा. गोल डायमध्ये हेच काम नागमोडी नाही, तर मळसूत्रासारख्या खाचा करतात.

एवढी काटेकोर का?

दाब तोच ठेवून फट १० टक्क्यांनी वाढवली, तर साध्या द्रवाचा प्रवाह सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. वितळलेल्या प्लास्टिकचा त्याहूनही जास्त. म्हणजे डायमध्ये केसाएवढी चूक झाली, तरी फिल्मवर जाड-पातळ पट्टे उमटतात.

याचा खर्च कोण भरतं?

एक हिशेब पाहू. फिल्म कुठेही ५० मायक्रॉनच्या खाली जायला नको आहे. डाय साधी असेल आणि जाडी १० टक्के वर-खाली होत असेल, तर सरासरी जवळपास ५६ मायक्रॉन ठेवावी लागेल. फरक ३ टक्क्यांवर आणला, तर ५२ पुरेत. म्हणजे चांगल्या डायमुळे साधारण ७ टक्के प्लास्टिक वाचतं. उलट, फक्त सरासरी ५० ठेवली तर काही भाग नियमाच्या खालीच जातो. मल्चिंग पेपरचंही तसंच. पट्टा जिथे पातळ, तिथे तो आधी फाटतो आणि तण वर येतं.

आता हा मुद्दा का महत्त्वाचा?

केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी लवचिक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ साठी १० टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०२८-२९ पर्यंत ते २० टक्क्यांवर जाणार आहे. भंगारातून आलेला माल मात्र प्रत्येक खेपेला वेगळा वाहतो. त्यातला कचरा डायच्या तोंडाशी अडकला, तर फिल्मवर रेघ उमटते. नव्या मालासाठी बनवलेली डाय अशा मालाला तशीच साथ देईल असं नाही. छोट्या कारखान्यांना नवी डाय किंवा चांगली गाळणी म्हणजे मोठा खर्च. तो टाळला, तर पुनर्वापराचा नियम पाळताना जाडीचा नियम मोडू शकतो.

म्हणून तपासणीही एका ठिकाणी जाडी मोजून संपत नाही. फिल्मच्या पूर्ण रुंदीवर, अनेक ठिकाणी मोजली तरच खरं चित्र कळतं. बोटांनी चाचपून ते कळत नाही, त्यासाठी मायक्रोमीटर लागतो.