सुरक्षिततेचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे व्यवहारी शहाणपण आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. लहान कारखान्याच्या मालकाला तर ते रोजच आचरावे लागते. कच्चा माल, वीज, भाडे आणि मजुरी यांचा मेळ घालताना त्याची ओढाताण होते. अशा वेळी ‘सुरक्षिततेसाठी पैसा आणायचा कोठून?’ असा प्रश्न तो करतो. प्रश्न खोटा नाही. परंतु त्यामागील समजूत तपासून पाहिली पाहिजे.

सुरक्षितता म्हणजे महागडी साधने, ही ती समजूत होय. वास्तविक पुष्कळशा गोष्टींना पैसा लागतच नाही. यंत्र साफ करण्यापूर्वी ते बंद करणे, सांडलेले तेल तत्काळ पुसणे, बाहेर पडण्याच्या वाटेवर माल न रचणे, काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप न लावणे, यांसाठी केवळ शिस्त लागते. फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवण्यास थोडा खर्च येतो. उलट, विचार न करता आणलेले साधन घातकही ठरते. हातमोजे संरक्षणासाठीच असतात. पण फिरत्या ड्रिल यंत्रात तेच अडकले, तर हात आत ओढला जातो. म्हणून आधी धोक्याला आवर घालावा आणि मग कामगाराच्या अंगावर साधने चढवावीत, हा क्रम योग्य होय.

पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचे उदाहरण घेऊ. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र चालू नये, अशी सोय त्यात करता येते. हात बटणांवर असले, की बोटे साच्याखाली जात नाहीत. तरीही एक बटण कायमचे दाबून बांधले जाते. का? मजुरी नगावर मिळते. नग अधिक, तर पैसे अधिक. पुढे बोट तुटले, की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हणून सारे मोकळे होतात. हा दोष एकट्या कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या हिशेबात घाईला बक्षीस आणि सावधपणाला दंड आहे, तो हिशेब ठरवणाराही या दोषाचा वाटेकरी आहे.

चुकीच्या जागी केलेली काटकसर किती महागात पडते, हे भोपाळने दाखवले. 1984 च्या डिसेंबरमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गळलेला वायू जाळून टाकणारा मनोराही नादुरुस्त होता.

1948 च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांचे धोकादायक भाग झाकणे बंधनकारक केले. मात्र विजेवर चालणाऱ्या, पण दहापेक्षा कमी कामगारांच्या कार्यशाळा सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. यंत्र काही माणसे मोजून बोट कापत नाही! तेव्हा कायद्याची वाट न पाहता मालक व कामगारांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. कोणता अपघात थोडक्यात टळला, हे कामगाराने निर्भयपणे सांगावे आणि मालकाने ते न रागावता ऐकावे. अपघातानंतर केलेली धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे.

पैसा तुटपुंजा असेल, तर खर्चाचा क्रम अवश्य लावावा. पण त्या यादीत जाळी, वायर आणि मोकळी वाट शेवटी नव्हे, आरंभी लिहावी.