काठावरचा ‘नको’

जुलैतला शनिवार. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या कोलाड! कयाकिंग! पाणी फुल्ल आहे!’ पाच मिनिटांत सात अंगठे वर. आठवा विचारतो, ‘अरे, ऑरेंज अलर्ट आहे ना?’ त्यावरचं उत्तर ठरलेलं, ‘तू ना, नेहमी पकवतोस!’

आज या पकवणाऱ्याची बाजू घ्यायची आहे. तो घाबरट असेल किंवा नसेलही. पण त्याने विचारलेला प्रश्न त्या ग्रुपमधला सगळ्यात तांत्रिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इमोजीने देता येत नाही.

आधी थोडं गणित. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणजे गेल्या महिन्यात ज्या नदीत तुम्ही मजेत वल्हं मारलं, ती आज थोडी जास्त भरलेली ‘तीच’ नदी नाही. ती वेगळीच नदी आहे.

कोलाडची कुंडलिका तर आणखी खास. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करून या नदीत येतं. म्हणूनच भर उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग चालतं. पावसाळ्यात त्यात भर पडते ताम्हिणीच्या बाजूने उतरणाऱ्या ओढ्यांची. तेव्हा कोलाडला ऊन पडलंय की नाही, याला फारसा अर्थ नाही. घाटमाथ्यावर काय चाललंय ते बघा. हवामान खात्याचा रायगडचा अंदाज वाचताना पुण्याच्या घाटमाथ्याचाही वाचा. त्यांच्या भाषेत ‘अति मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस. डोंगरात एवढा पाऊस झाला की खाली नदी कशी होते, हे गावातल्या कुणालाही विचारा.

पाणी किती पटकन चढतं, हे आपण पाहिलंय. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ते तर नुसते पाण्यात उभे होते. म्हणून नदीची भाषा शिकून घ्या. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की लगेच बाहेर पडून उंच जागा गाठायची. आधी फोटो आणि मग बाहेर, असं नाही.

पुरात तीन सापळे असतात. पहिला, काठावरची बुडालेली झाडं. फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस मात्र अडकतो. दुसरा, बंधारा. वरून तो नुसती सपाट रेघ दिसतो, पण पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्यालाही बाहेर पडू देत नाही. तिसरा सापळा आपणच लावतो, वाहत्या पाण्यात उभं राहून. दगडांच्या फटीत पाय अडकला की कमरेएवढं पाणीही पुरतं. उलटलात तर पाठीवर या, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर ठेवा, काठ जवळ येईपर्यंत उभं राहू नका. कयाकच्या खालच्या बाजूला तर अजिबात राहू नका. पाण्याने भरलेली कयाक तुम्हाला खडकावर दाबून धरेल.

हीच कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे लाटांवर कयाक घालायची हौस असेल, तर गणित बदलतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. त्यात लाटांची उंची तीन मीटर लिहिली असेल, तर ती सगळ्यात मोठी लाट नव्हे. ती सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट जवळपास दुप्पटही येते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाटा आल्या, तर त्या तिथेच उभ्या चढतात आणि फुटतात. कोकणातले कोळीबांधव जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. सरकारी मासेमारीबंदी आहेच, पण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची रीत त्याहून जुनी आहे. ज्यांचं पोट समुद्रावर चालतं ते थांबतात. आपण तर वीकेंडपुरते आलेलो असतो.

‘मग केरळात कोझिकोडजवळ ऐन पावसाळ्यात कयाकच्या स्पर्धा होतात, त्या कशा?’ बरोबर प्रश्न. असे पट्टीचे कयाकपटू आधी काठाकाठाने चालत जाऊन प्रत्येक रॅपिड डोळ्यांखालून घालतात. कुठून बाहेर पडायचं ते ठरवतात, दोर घेतलेली माणसं खाली उभी करतात. आणि पाणी आवडलं नाही, तर कयाक खांद्यावर टाकून चालू लागतात. त्यांच्याकडून रीलमधली उडी घेण्याआधी ही सवय घ्या.

राहिला पैशांचा मुद्दा. ‘अ‍ॅडव्हान्स भरलाय’ या दोन शब्दांनी जितके निर्णय बिघडवलेत, तितके वादळानेही बिघडवले नसतील. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: पावसामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळणार का? सोबत बचावासाठी प्रशिक्षित कयाकपटू असतो का? मधेच बाहेर पडायची जागा कुठे आहे? आणि शेवटची ट्रिप पाण्यामुळे कधी रद्द केली होती? ‘आम्ही कधीच रद्द करत नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर दुसरा माणूस शोधा. हेल्मेट आणि जॅकेट स्वतः ओढून तपासा. मित्र वाहू लागला तर मागे उडी मारू नका, दोर फेका. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर आजच सेव्ह करा.

वल्हं मारायला आठवड्याभरात शिकता येतं. सगळे तयार असताना, गाडीचं भाडं दिलेलं असताना, काठावर उभं राहून ‘आज नको’ म्हणायला जास्त वेळ लागतो. ते जमलं, की तुम्ही खरे कयाकपटू. ऑक्टोबरमध्ये नदी तिथेच असेल. तुम्हीही असायला हवं.