श्रद्धा म्हणजे सूट नव्हे

आमच्या कांदिवलीतल्या पोईसरच्या चर्चचे नाव ‘अवर लेडी ऑफ रेमेडीज’. रेमेडी म्हणजे उपाय, उतारा. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेले हे नाव ऐकले की वाटते, इथे यायचे ते आजाराला औषध मागायला. मेणबत्ती लावायची, नवस बोलायचा आणि काम झाले की फेडायला यायचे. वांद्र्याच्या मोतमावलीला तर मेणाचे हात, पाय, घरेसुद्धा वाहतात. यात ख्रिस्ती असे खास काही नाही. अडला माणूस सगळीकडे तेच करतो.

मीही केले. एप्रिल २०२१ मध्ये चर्च बंद होते, म्हणून घरातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावून मी आजोबांसाठी नवस बोललो. आजोबा गेले. मातीला आम्ही मोजकेच होतो. आठवड्याने एका प्रार्थनामंडळातल्या बाईंनी आईला फोनवर सांगितले, “तुमचा विश्वास कमी पडला.” ऑक्टोबरात चर्च उघडले, पण आई पुढे दीड वर्ष त्याची पायरी चढली नाही.

त्या एका वाक्याशी माझे भांडण आहे. पुरेसा विश्वास असला की संकट टळते, असे पहिल्या ख्रिस्ती लोकांना वाटत होते काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी हे मुद्दाम शोधले. पौलानेच करिंथकरांना लिहिले आहे की, अंगातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असे म्हणायला कोणी धजेल असे वाटत नाही!

पण मला खरा आधार सापडला तो सिप्रियनमध्ये. हा उत्तर आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या, कार्थेजचा बिशप. इ. स. २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. त्याच्या मंडळीने अगदी आपल्यासारखाच प्रश्न विचारला : जो रोग इतरांना होतो तोच आम्हाला कसा? सिप्रियनचे उत्तर सरळ होते. पाऊस पडला नाही तर सगळ्यांचीच शेते करपतात; जहाज खडकावर आपटले की आतले सगळेच बुडतात. देह आहे तोवर देहाचे भोग सर्वांना सारखेच. साथ पाहते ती हे, की धडधाकट माणूस आजाऱ्याची शुश्रूषा करतो का आणि वैद्य रोग्याला सोडून पळतो का. म्हणजे कसोटी लागायची ती आजोबांची नव्हे, आम्हा मागे राहिलेल्यांची.

सिप्रियनचे सगळेच मला पटते असे नाही. मृतांसाठी काळी वस्त्रे घालून शोक करू नये, असेही तो म्हणतो. मी आजोबांसाठी रडलो आणि त्यात काही चुकले असे मला वाटत नाही.

त्याच साथीविषयी अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने लिहिले आहे की, इतर लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत होते, तेव्हा ख्रिस्ती माणसे त्यांची सेवा करता करता स्वतः मेली. तो आपल्याच लोकांची बाजू मांडतो आहे, हे ध्यानात ठेवूनच हे वाचावे. शिवाय हे पुण्य एका धर्माच्या मालकीचे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगश ख्रिस्ती होते. पण १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मरण पत्करणाऱ्या सावित्रीबाई फुले ख्रिस्ती नव्हत्या. सिप्रियनची कसोटी लावली तर त्या कुठे उभ्या राहतील, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. आद्य ख्रिस्ती म्हटले की सिंहापुढे उभे राहणारे हुतात्मे आठवतात. पण साथीच्या सुमारासच, इ. स. २५० मध्ये, सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी देऊन तसा दाखला घ्यावा असे फर्मान काढले, तेव्हा कितीतरी ख्रिस्ती लोकांनी मुकाट्याने बळी दिले; काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. हे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. सिप्रियन स्वतः त्या वेळी लपून बसला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लागले. छळ ओसरल्यावर प्रश्न आला, या ढळलेल्यांचे काय करायचे? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, दार बंद. सिप्रियन आधी कडक होता, मग म्हणाला, पश्चात्ताप करून येतील त्यांना घ्या. २५८ साली त्याचा शिरच्छेद झाला. या खेपेला तो पळाला नाही. मला तो मोठा वाटतो तो मात्र शिरच्छेदापेक्षा या दाराच्या प्रश्नामुळे. ज्या श्रद्धेत ढळलेल्याला परतायला वाट नाही, ती आमच्यासारख्या साध्या माणसांच्या काय उपयोगाची?

२०२३ च्या ईस्टरला आई आपण होऊन चर्चमध्ये आली. सगळ्यांत मागच्या बाकावर बसली. मिस्सा सुरू झाल्यावर त्याच फोनवाल्या बाई धापा टाकत आल्या. कुठेच जागा नव्हती. आई बाकावर सरकली आणि तिने त्यांना शेजारी बसवून घेतले. मला ते जमले नसते.