चाचणीपूर्वीचा हिशेब



गेल्या महिन्यात एका आरोग्य शिबिरानंतर त्रेसष्ट वर्षांचे एक व्यापारी अहवाल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी साखर तपासायला गेलो होतो. हे पीएसए कुठून आले?” आकडा मर्यादेहून किंचित वर होता. आठ दिवस त्यांना झोप नव्हती आणि घरी कोणाला सांगितलेही नव्हते. रक्त घेताना ही चाचणी कशाची आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मूत्राशयाच्या खाली असलेली प्रोस्टेट ग्रंथी पीएसए नावाचे प्रथिन तयार करते. रक्तातील त्याचे प्रमाण कर्करोगात वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी मोठी झाल्यास किंवा तिला जंतुसंसर्ग झाल्यासही ते वाढते. म्हणून वाढलेला आकडा हे निदान नव्हे. ती केवळ पुढील तपासाची सूचना आहे.

या चाचणीचा नफा-तोटा अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली मांडला. ५५ ते ६९ वयाच्या १००० पुरुषांची सुमारे तेरा वर्षे तपासणी केली, तर अंदाजे २४० जणांचा आकडा संशयास्पद येतो. बायोप्सीत सुमारे १०० जणांना कर्करोग आढळतो आणि कालांतराने ८० जण शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतात. त्यांपैकी सुमारे ५० जणांना लैंगिक दुर्बलता आणि १५ जणांना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होतो. मृत्यू टळतो तो साधारण एकाचा. आणखी तिघांचा रोग शरीरात पसरण्यापासून वाचतो. कारण सापडलेल्या कर्करोगांपैकी अनेक इतके मंद असतात की त्यांचा त्रास आयुष्यभरात कधीच झाला नसता.

म्हणूनच त्या समितीने या वयोगटाला ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे न सांगता डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवण्यास सांगितले. सत्तरीनंतर मात्र सरसकट तपासणी नको, असे तिचे मत आहे. हे आकडे पाश्चात्त्य देशांतील आहेत; आपल्याकडे या रोगासाठी सरसकट तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही.

तोट्याची बाजू आता थोडी हलकी झाली आहे. आकडा वाढला की लगेच बायोप्सी करावी लागते असे नाही. आधी चाचणी पुन्हा करता येते, एमआरआय काढता येतो. सौम्य कर्करोग आढळल्यास तत्काळ उपचार न करता नियमित लक्ष ठेवता येते. ब्रिटनमधील सुमारे १६०० रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केवळ देखरेख यांपैकी कोणताही मार्ग घेतला, तरी पंधरा वर्षांत शंभरातील सुमारे ९७ जणांचा मृत्यू या रोगाने झाला नाही.

मात्र वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, तर धोका वाढतो आणि डॉक्टरांशी बोलणे लवकर व्हावे. लघवीत रक्त, धार अडणे किंवा हाडांचे न थांबणारे दुखणे असेल, तर प्रश्न ऐच्छिक चाचणीचा उरतच नाही. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

हे सारे ऐकून ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे थोरले बंधू याच रोगाने गेले. घरात आम्ही ‘पोटाचा विकार’ म्हणून सांगितले. मला आधी विचारले असते, तरी मी चाचणी केलीच असती. पण मनाची तयारी करून केली असती.” आणि थोडे थांबून, “मुलांना अजून खरे कारण ठाऊक नाही.”

त्या रात्री त्यांनी मुलांना जवळ बसवून सर्व सांगितले. दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा त्यांच्यासोबत मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेला.

अनेकांताची शिकवण लाभलेल्या आपल्या समाजाला हे समजणे अवघड नाही: पूर्ण माहिती घेऊन चाचणी करणारा आणि न करणारा, दोघेही आपापल्या जागी योग्य असू शकतात. शिबिराच्या आयोजकांना विनंती, की ही चाचणी न विचारता यादीत घालू नये. आणि घरातील ज्येष्ठांना विनंती, की वहीत प्रत्येक देणे लिहिणाऱ्या आपण आजाराची नोंद पुढच्या पिढीपासून लपवू नये. संकोचापोटी दडवलेले नाव मुलांच्या निर्णयातून एक महत्त्वाचा आकडाच वगळते.